अकरावा पेला

कोल्हापुरात दूध प्यायला माणूस डेअरीत जात नाही, म्हशीकडे जातो. बाहेरगावच्या पाहुण्याला हे सांगितलं की तो आधी हसतो, आणि मग एखाद्या सकाळी कट्ट्यावर उभा राहिला की गप्प होतो. सहा वाजता गवळी म्हशी घेऊन चौकात येतो. गिऱ्हाईक पेला पुढं करतं. गवळी खाली बसून थेट पेल्यातच धार मारतो आणि वर बोटभर फेस आलेलं ते कोमट दूध गिऱ्हाईक तिथंच उभ्यानं पिऊन टाकतं. मधे किटली नाही, चूल नाही, पिशवी नाही. पाणी घातलं म्हणायला जागाच नाही. शहरात विजेच्या रिक्षा आल्या, औषधं ड्रोननं गच्चीवर उतरायला लागली, पण धारोष्ण दुधाचा कट्टा काही जागचा हलला नाही. एकदा वरून तो बंद करायचा विचार निघाला होता. तेव्हा रिकामे पेले वाजवत एवढा मोर्चा निघाला की विचार करणाऱ्यांनी विचारच बंद केला.

त्या मोर्चात सगळ्यात पुढं होते कुंभारवेशीतल्या कट्ट्यावरचे ज्योतीराम दुर्गुळे. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. मुलं किती असं कुणी विचारलं तर ते सांगायचे, "दोन," आणि जरा थांबून पुढं म्हणायचे, "आणि नऊ म्हशी." दोनांतली थोरली ऋतुजा. लग्न करून इचलकरंजीला गेली आणि दोन वर्षांत आपल्या पायांनी परत आली; अण्णांनी कारण विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. धाकटा समरजित, चिंचेच्या तालमीचा पैलवान. आणि नऊ म्हशींत अण्णांचा जीव कस्तुरीवर. शिंगं पाठीपर्यंत गेलेली, गळ्यात कवड्यांची माळ, हाक मारली की गर्दीतून वाट काढत येणार. दोन वर्षांपूर्वी तिनं सातव्या महिन्यात गाभ टाकला होता. अण्णांनी उघड्या हातांनी तिची सुटका केली, दृष्ट लागली म्हणून शिंगाला काळा दोरा बांधला आणि विषय संपवला. पुढच्या खेपेला ती नीट व्याली आणि दुधाला आणखीच चढली. मग कुणाला कसली शंका येणार?

ऋतुजा जंतुमाग केंद्रात तंत्रज्ञ होती. "लेक जंतू राखती, मी म्हशी राखतोय," असं अण्णा कट्ट्यावर कौतुकानं सांगत. त्या केंद्रात कपाटाएवढं एक यंत्र होतं. त्याचं कागदोपत्री नाव 'मागोवा'. गावानं त्याचं नाव ठेवलं होतं 'चहाडखोर', आणि खरं सांगायचं तर तेच नाव जास्त बरोबर होतं.

हे यंत्र दोन गोष्टी वाचायचं. पहिली, जंतूची वंशावळ. जंतू वाढतो म्हणजे स्वतःची नक्कल काढतो, आणि नक्कल काढताना कुठंतरी एखादं अक्षर चुकवतो. ती चूक त्याच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. एका म्हशीच्या अंगात वर्षभर राहिलेल्या जंतूंच्या चुका शेजारच्या म्हशीतल्या जंतूंपेक्षा वेगळ्या असतात. त्यामुळं रोग्याच्या अंगातला जंतू कोणत्या जनावरातून आला हे नेमकं सांगता येतं; गाव नाही, गोठा नाही, ते एकच जनावर.

दुसरी गोष्ट त्याहून अचाट. जंतू अंगात शिरला की रक्तातल्या रक्षक पेशी त्याला पकडायला सरसावतात, आणि पकड घट्ट व्हावी म्हणून पिढ्यान् पिढ्या स्वतःला जरा जरा बदलत जातात. हा बदल ठरावीक वेगानं होतो. म्हणजे प्रत्येक माणसाचं रक्त आपापली रोजनिशीच लिहीत असतं. मागोवा ती पानं उलटी चाळत पहिल्या पानापर्यंत जायचा आणि तारीख सांगायचा. एखाद्या दिवसाची चूक व्हायची, फार तर दोन.

आता कुणी म्हणेल, एवढं शहाणं यंत्र होतं तर आधीच सगळ्या म्हशी का नाही तपासल्या? दर सहा महिन्यांनी प्रत्येक म्हशीच्या दुधाचा एक थेंब कागदी पट्टीवर वाळवून केंद्रात ठेवला जायचा, तिच्या कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासकट. पण माणूस आजारी पडल्याशिवाय ती पट्टी वाचायची नाही असा नियम होता. तो नियम कट्ट्यावरच्या गवळ्यांनीच भांडून मिळवला होता. आपल्या म्हशीवर उगाच कुणी संशय घेतलेला अण्णांना खपत नव्हता.

समरला श्रावणापासून ताप येत होता. संध्याकाळ झाली की अंग तापायचं, मग दरदरून घाम, सकाळी पुन्हा माणूस ठणठणीत. कंबर दुखायची. पैलवानाची कंबर दुखणारच, म्हणून वस्तादांनी मालीश वाढवलं. अण्णांकडं तर एकच औषध होतं. ताप जास्त दिसला की ते कस्तुरीच्या दुधाचा एक पेला वाढवायचे. दसऱ्याच्या आधी समर आखाड्यातच धाप लागून खाली बसला, तेव्हा रोज चार पेल्यांवर गेला होता.

हृदयाच्या डॉक्टर नसीम मुजावर यांनी पडद्यावर ऋतुजाला दाखवलं. हृदयातून सगळ्या अंगाला रक्त जातं तिथल्या दारावरची झडप, आणि त्या झडपेवर पावट्याएवढी एक गाठ लोंबकळत होती. प्रत्येक ठोक्याला हलत होती.

"ब्रुसेला," डॉक्टर म्हणाल्या. "जनावरांच्या कच्च्या दुधातून येतो. त्यांचा यानं गाभ पडतो. शंभरात एखाद्यालाच हृदयाला धरतो, पण या रोगानं मरणारे बहुतेक त्यातलेच असतात. चार दिवस औषधांनी जंतू दाबू आणि शुक्रवारी झडप बदलू. तोवर त्याला कसलाही धक्का नको. ही गाठ सुटून मेंदूत गेली तर माझ्या हातात काही राहणार नाही."

सोमवारी, सात ऑक्टोबरला, समरच्या रक्ताची नळी मागोव्यात गेली. नात्यातल्या माणसाची तपासणी करू नये असा संकेत होता, पण दुसरा तंत्रज्ञ रजेवर होता. सहा तासांनी पडद्यावर अक्षरं आली. जनावर: बिल्ला क्रमांक अमुक, मालक ज्योतीराम दुर्गुळे. शिरकाव: फेब्रुवारीची अठरा तारीख, एक दिवस मागेपुढे.

बिल्ल्याचा नंबर तिनं पुन्हा वाचला नाही. तो तिला पाठ होता. लहानपणी, कस्तुरी रेडकू होती तेव्हा, कानाला बिल्ला मारताना ओरडणाऱ्या तिचं तोंड ऋतुजानंच धरून ठेवलं होतं.

आता तिनं 'जाहीर' हे बटण दाबलं की पुढचं सगळं आपोआप होणार होतं. तासाभरात गाडी गोठ्यावर येणार, कस्तुरीला नेणार, ती परत येणार नाही. अण्णांच्या कट्ट्यावर वर्षभरात ज्यांनी ज्यांनी दूध प्यायलं त्या सगळ्यांच्या फोनवर निरोप जाणार. चौकात कॅमेरे येणार. आणि शुक्रवारी पोराच्या छातीला सुरी लागायच्या आधी बापाला कळणार की पेल्यापेल्यानं हे आपणच पाजलं. डॉक्टर धक्क्याचं बोलल्या होत्या ते समरबद्दल. ऋतुजानं ते अण्णांनाही लावून घेतलं. चारच दिवसांचा तर प्रश्न आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. स्वतःला समजावण्यात शिकलेल्या माणसाचा हात कोण धरणार!

पडद्यावर आणखी एक बटण होतं, 'फेरतपासणी'. निकालाबद्दल शंका असेल तर तंत्रज्ञाला तो सात दिवस रोखून धरता यायचा. ऋतुजाला तिळमात्र शंका नव्हती. तिनं ते बटण दाबलं.

म्हशीचं दूध मात्र थांबवायला हवं होतं. केंद्रातून ती तडक गोठ्यावर गेली. अण्णा कस्तुरीच्या पाठीवर पाणी मारत होते.

"अण्णा, कस्तुरीला ताप वाटतोय मला. आठवडाभर तिचं दूध कट्ट्यावर नको. तापवूनच वापरा."

अण्णांनी म्हशीचा कान हातात धरला. "ताप? हात लावून बघ की, कसा गार हाय. तुला समरच्या काळजीनं सगळ्यांलाच ताप दिसाय लागलाय."

"असू दे. माझ्यासाठी ऐका. शब्द द्या मला, कट्ट्यावर द्यायचं नाही."

"दिला शब्द," अण्णा म्हणाले. "लेकीचा शब्द मोडून मी कुठं जाणार हाय?"

तापवलं की जंतू मरतो. एक उकळी पुरते. तिला तेवढं पुरे वाटलं. का तापवायचं ते तिनं सांगितलं नाही, आणि कारण सांगितलं नाही की माणूस आपल्याला पटेल तेवढंच ऐकतो, हे ती विसरली.

शुक्रवारी सकाळी ऑपरेशन थिएटरबाहेर ऋतुजा आणि ईश्वरी दोघीच होत्या. ईश्वरी पोवार म्हणजे समरची होणारी बायको. शाळेत खेळ शिकवायची. बोलायला खणखणीत, आणि कोल्हापूरच्या पोरींसारखीच 'मी आलो, मी गेलो' म्हणणारी. दुर्गुळ्यांच्या घरात तिच्याबद्दल एकच थट्टा चालायची: गवळ्याची सून आणि दुधाचा वास सहन होत नाही! चहासुद्धा काळा प्यायची.

"अण्णा कुठं आहेत?" ऋतुजानं विचारलं.

"येतील. मी आत्ताच बघून आलो त्यांना, तालमीकडं होते," ईश्वरी म्हणाली, आणि खिडकीकडं वळून उभी राहिली.

अण्णा नऊ वाजता आले. अंगात धुतलेला सदरा, कपाळाला गुलाल. कुठं होता म्हणून विचारलं तर म्हणाले, "देवाचं काम होतं." ऑपरेशनच्या दिवशी बाप देवाकडं जातो, यात विचारण्यासारखं काय होतं? तिनं पुढं विचारलं नाही.

दुपारी डॉ. मुजावर मुखपट्टी काढत बाहेर आल्या आणि हसल्या. झडप बसली होती. अण्णांनी भर व्हरांड्यात खाली बसून जमिनीला डोकं टेकलं. ईश्वरी रडत होती, हसत होती, दोन्ही एकदम.

शनिवारी ऋतुजानं रोखलेला निकाल जाहीर केला आणि गाडी गोठ्यावर पोचायच्या आत अण्णांना सांगायला इस्पितळात गेली. व्हरांड्यातल्या बाकावर अण्णा आणि ईश्वरी शेजारी बसले होते. तिनं उभ्यानंच सांगितलं. समरचा जंतू कस्तुरीचा आहे. तिला न्यायला लागणार आहे. कट्ट्यावरच्या सगळ्यांना तपासायला बोलावलं आहे, औषधं फुकट मिळतील.

अण्णांनी आपल्या हातांकडं बघितलं. धार काढून काढून त्या हातांचे अंगठे वाकडे झाले होते.

"कधी कळलं तुला?"

"आज सकाळी," ऋतुजा म्हणाली.

"म्हंजे काल कुणालाच ठाऊक न्हवतं."

"नव्हतं."

"पोरी, एक सांग. एकदाच प्यालं असंल तर? फक्त एकदा, एकच पेला?"

ऋतुजाला वाटलं, त्यांच्या डोळ्यांपुढं सहलीला आलेली, एकदाच कट्ट्यावर थांबून गेलेली अनोळखी माणसं आली असतील. बाप पार खचलेला दिसत होता. एका पेल्यानंही होऊ शकतं, हे तिला पुस्तकातल्या पानासकट ठाऊक होतं. होतंच असं नाही, हेही ठाऊक होतं. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"एकदाच प्याल्यानं काही होत नसतं, अण्णा."

अण्णांनी डोळे मिटले. ईश्वरीनं त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" ऋतुजाला वाटलं, पोरगी सासऱ्याला धीर देते आहे.

कस्तुरीला नेताना अण्णा दाराआड थांबले. ती गाडीत चढताना मागं वळून बघत होती म्हणतात. ते शेजाऱ्यांनी पाहिलं.

त्यानंतर दोन महिने ऋतुजा राबली. सहाशे चाळीस माणसं तपासली, एकोणीसजणांच्या रक्तात जंतू सापडला, एकाच्या हृदयाला सुरुवात झाली होती ती वेळेत कळली. तालमीतल्या सगळ्या पैलवानांना तर न तपासताच सहा आठवडे गोळ्या दिल्या, कारण ते रोजचेच पिणारे. गावानं अण्णांना शिव्या दिल्या, मग हळूहळू माफही केलं. पोराला भोगावं लागलं, आणखी काय शिक्षा करायची? मागोव्यानं माणसं वाचवली असं वर्तमानपत्रांत छापून आलं. ईश्वरीला कुणी तपासायला बोलावलं नाही. जी काळा चहा पिते तिला कशाला बोलवायचं?

डिसेंबरात एकदा ऋतुजा तिला म्हणाली, "काय गं, लग्नासाठी बारीक होतेस काय?" ईश्वरी हसली. माघातला मुहूर्त होता. शाळेच्या स्पर्धा होत्या, समरची औषधं होती, साड्यांची धावपळ होती. संध्याकाळी अंग मोडून यायचं त्याला कारणं भरपूर होती. आणि लहानपणी घसा धरून आलेल्या एका तापानं आपल्या हृदयाच्या झडपेवर कायमचा व्रण ठेवला आहे, हे तर तिला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. जंतूला बसायला असलीच खडबडीत जागा लागते.

जानेवारीच्या अठ्ठावीस तारखेला भर मैदानात, मुलींना खो-खो शिकवताना, तिच्या उजव्या हातातली शिट्टी गळून पडली. तिला काहीतरी बोलायचं होतं; तोंडातून शब्द येईना. झडपेवरची गाठ सुटून मेंदूत गेली होती. डॉ. मुजावर यांनी त्याच दिवशी ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ईश्वरी गेली. ती तेवीस वर्षांची होती.

तिची काढलेली झडप आणि रक्त केंद्रात आलं होतं. तिच्या मामांकडं भुदरगडात शेळ्या होत्या, दिवाळीला ती तिकडं राहून आली होती. शेळ्यांतूनही हा जंतू येतो. सगळे तेच म्हणत होते, आणि ऋतुजा मनातून देवाला हात जोडून तेच म्हणत होती. शेळी असू दे. कुठलीही शेळी.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर अक्षरं आली. कस्तुरीचा बिल्ला. शिरकाव: ऑक्टोबरची अकरा तारीख, एक दिवस मागेपुढे.

अकरा म्हणजे शुक्रवार. ऑपरेशनचा दिवस. एक दिवस मागेपुढे म्हणजे गुरुवार किंवा शनिवार. कसंही मोजलं तरी सोमवारनंतर. यंत्रानं कुणाला दोष दिला नव्हता, त्याला ते येतच नाही. त्यानं फक्त तारीख सांगितली होती, आणि सोमवारची तारीखही त्याच यंत्रात होती, ऋतुजाच्या नावानं रोखून ठेवलेली.

'फेरतपासणी'चं बटण आजही तिथंच होतं. तिनं 'जाहीर' दाबलं आणि घरी गेली.

अण्णा गोठ्यात होते. उरलेल्या आठ म्हशी विकून झाल्या होत्या, तरी ते रोज रिकामा गोठा झाडायचे. समर आतल्या खोलीत निजला होता. अंत्यविधीहून आल्यापासून तो कुणाशी बोलला नव्हता.

"अण्णा, ऑपरेशनच्या दिवशी ईश्वरीला कस्तुरीचं दूध कुणी दिलं?"

अण्णांच्या हातातला खराटा थांबला.

"तिला त्यातनंच झालं?"

"हो."

ते गव्हाणीच्या कडेला टेकले. बोलायला लागले ते तिच्याकडं न बघता.

"नवस बोललो होतो. पोराची झडप बसू दे, अकरा पैलवानांस्नी कस्तुरीचं धारोष्ण दूध पाजीन. माझ्याकडं देवाला द्यायला दुसरं हाय काय? कट्ट्यावर द्यायचं न्हाई असा तुला शब्द दिला होता, तो मोडला न्हाई. तालमीच्या दारात नेली तिला. तापवायचं म्हणालीस, खरं नवसाचं दूध कुणी तापवत न्हाई. कान गार होता तिचा. पैलवान दहाच आले. अकरावा मिळंना. आठ वाजाय आले, तिकडं पोराला आत घ्यायची वेळ झाली. तेवढ्यात ईश्वरी मला बोलवायला आली. म्हणाली, अण्णा, मी पण कुस्ती खेळलोय की शाळेत, द्या मला. मी म्हटलं, तुला सोसत न्हाई. म्हणाली, समरसाठी सोसंल. नाक दाबून प्याली बघ. सगळा पेला प्याली. वर हसली."

ऋतुजा त्यांच्यासमोर खाली बसली.

"मी तुला इचारलं होतं," अण्णा म्हणाले. "एकदाच प्यालं तर काय हुतंय का म्हणून. तुझ्या तोंडाकडं बघत होतो मी. ती पण बघत होती."

"मला वाटलं नाही की—"

"आम्हांला ठाऊक न्हवतं गं. तुलाबी न्हवतं, शनिवारपातुर. कुणाला दोष द्यायचा?" त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. "देवालाच द्यायचा."

इथं ती गप्प राहिली असती तर बापाचं ओझं अर्धं देवावर गेलं असतं, आणि तिचं कुणाच्या ध्यानीमनीही आलं नसतं. हे तिला कळत होतं. दोनदा तिनं दया म्हणून खोटं सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा तिला स्वतःबद्दल बरं वाटलं होतं. आता पुन्हा तेच करायचं म्हटलं तर तोंड उघडायचीही गरज नव्हती.

"मला सोमवारी कळलं होतं, अण्णा," ती म्हणाली. "ऑपरेशनच्या चार दिवस आधी. निकाल माझ्या हातात होता. मी दाबून ठेवला."

अण्णांनी पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. "का?"

"तुम्हाला सोसणार नाही असं वाटलं."

अण्णांच्या तोंडून शिवी आली नाही, हात उठला नाही. तसं काही झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

मागं पावलांचा आवाज झाला. समर दारात उभा होता. छातीवर धरलेला हात, दाढी वाढलेली, अंगावर अंत्यविधीचेच कपडे. त्यानं किती ऐकलं होतं ते विचारायची गरज नव्हती.

"ताई," तो म्हणाला. आवाज अगदी हळू होता, इस्पितळातून आल्यापासून तो तसाच बोलायचा. "एवढंच सांग. सोमवारी तू अण्णांना सांगितलं असतंस, तर माझं ऑपरेशन थांबलं असतं?"

"नाही."

"मी मेलो असतो?"

अण्णा तिच्या तोंडाकडं बघत होते. समर बघत होता. कुणाला बरं वाटावं असं एकही उत्तर शिल्लक नव्हतं.

"नाही," ऋतुजा म्हणाली. "तू जगलाच असतास."